साल

ग्रासिएते बुचं निवडते.
पट्ट्यावरून येतात; मिनिटाला किती, ते ती मोजत नाही,
बोटं मोजतात.
भोक, भेग, किड्यानं पोखरलेली वाट.
कडेला हिरवट झाक दिसली तर नाकाशी धरायचं,
ओल्या तळघराचा वास आला की बाद.
सात प्रती. पहिलीतलं बूच जुन्या वाइनच्या गळ्यात बसतं,
सातवीतलं चुरा होऊन कुणाच्या तरी फरशीखाली जातं.
बावीस वर्षांत तिच्या हातून
खालचं बूच वरच्या टोपलीत गेलं असेल
ते दोनदा. तेही चुकून.

समोर आदेलिनो, यंत्रावर.
तो सालीची पट्टी पुढे सरकवतो, यंत्र भोकं पाडतं.
भला माणूस. तिच्या मुलीच्या लग्नात
टेबलं त्यानंच वाहून आणली, जेवायला मात्र थांबला नाही.
त्याच्या पट्टीतून निघालेलं बूच
चार मिनिटांत हिच्या बोटांत येतं,
आणि तेवढ्या वाटेत कुठेतरी
महिन्याचे अठ्ठ्याऐंशी युरो गळतात.

लपवलेलं काही नाही.
दाराशी काचेच्या पेटीत तक्ता लावलाय,
दोन्ही बाजूंच्या सह्या, गोल शिक्का.
गट चौदा: यंत्रावरचे.
गट सोळा: निवडणाऱ्या.
मराठीत काय, पोर्तुगीजमध्ये काय,
क्रियापदाच्या शेपटीवरून कळतंच कोण ते.

दर जानेवारीला लिस्बनहून किमान वेतन वाढतं
आणि सोळाची ओळ तेवढीच वर सरकते,
पूर आल्यावर तळातली होडी उचलली जावी तशी.
मालकानं कधी हात लावल्याचं कुणाला आठवत नाही.
किमान.
किमान एवढं तरी, असं आपण म्हणतो ना,
घासाघीस हरल्यावर?

गुरुवारी अग्निशामक दलाच्या वरच्या हॉलमध्ये
युनियनचा वालदेमार म्हणाला, जिंकलो.
फरक जाणार. कायमचा जाणार.
आठ वर्षांत. दर साल अकरा युरो.
टाळ्या पडल्या, खऱ्या पडल्या,
ग्रासिएतेनंही वाजवल्या.
मग ओदेत उठली. गुडघा धरून, सावकाश.
"मी पाच वर्षांनी रिटायर होते," ती म्हणाली.
"म्हणजे माझे तेहेतीस राहिले.
ते कुणाकडे मागायचे?"
कुणीतरी खुर्ची सरकवली. खाली बंबाचा भोंगा
उगाच एकदा वाजून थांबला.
वालदेमार हसवायला म्हणाला,
"अहो, झाडालासुद्धा नऊ लागतात!"

खरं आहे. ओदेतचा भाऊ आलेंतेजोत साल सोलतो.
कुऱ्हाड अशी चालवायची की आतल्या जिवाला लागू नये.
सोलून झालं की उघड्या, तांबूस खोडावर
पांढऱ्या रंगात त्या वर्षाचा शेवटचा आकडा.
मग नऊ वर्षं कुणी हात लावत नाही.
सालीवर साल:
झाडाची ती, पंचांगातलं ते.

"झाडाला घरभाडं नसतं," ओदेत म्हणाली,
आणि बसली.

सोमवारी निवडीच्या टेबलाच्या पायावर
पांढरा आकडा. ऑफिसातल्या खोडरंगानं काढलेला,
थोडा ओघळलेला.
सुपरवायझरनं विचारलं, हे कुणी केलं?
अकरा बायका, अकरांच्या तोंडाला बूच.
त्यानं नखानं खरवडून पाहिलं
आणि चहाला निघून गेला.

साडेदहाच्या सुमाराला ग्रासिएतेच्या बोटांत एक आलं,
अंगावर बारीक भेग,
तिसऱ्या प्रतीचं, डोळे मिटूनही तिसऱ्याच.
तिनं ते फिरवलं. वास घेतला.
पुन्हा फिरवलं.
पट्टा थांबत नाही, मागची बुचं एकमेकांवर चढू लागली.
तिनं ते पहिलीच्या टोपलीत टाकलं.

ओदेतनं पाहिलं. तेव्हा काही बोलली नाही.
संध्याकाळी एप्रन खुंटीला लावताना,
पाठमोरीच,
"बरी होती गं साल."