बिचिकोचा कान

झेस्टाफोनीचा दगडवाला म्हणाला, फक्त चेहरा हवा.
खांद्यापर्यंत. लंबगोलात बसेल असा.
बाकीचे लोक कापून पाठवा, काकू,
ईमेलने.

बाकीचे लोक म्हणजे तेरा जण,
चियातुराच्या रोपवेच्या खालच्या ठाण्यापुढे,
मँगनीजने काळे,
त्र्याऐंशी सालचा मे महिना.
डावीकडून पाचवा बोंदो.

ग्वांत्साने कुताइसीला जाताना लॅपटॉप ठेवला,
आणि एक कागद: आजी, आधी हे दाब, मग ते दाब.
कागदावरचं ‘हे’ पडद्यावर कुठेच नव्हतं.
रातोरात नवीन आवृत्ती आली म्हणे,
सगळी चिन्हं जागा बदलून बसलेली.
अक्षरं इंग्रजी.
मला जॉर्जियन येतं, रशियन येतं,
तीस वर्षं केबिन चालवली,
मोटरच्या आवाजावरून सांगते कुठला बोल्ट सैल आहे.
ह्याला आवाजच नाही.

चाक फिरवलं.
बोंदो धावत अंगावर आला,
आधी चेहरा, मग भुवई, मग
नुसते राखाडी चौकोन, पुसलेल्या फरशीसारखे.
उलटं फिरवलं तर इतका लांब गेला
की चौदा माणसं तिळाएवढी.
मधे कुठे थांबायचं ते चाकाला ठाऊक नसतं,
बोटाला शिकवावं लागतं.
माझ्या बोटाने तीन दिवस घेतले.

मी कातरी शोधत होते. कापायचं तर कातरी नको?
होते दोन काटकोन, एकात एक अडकलेले,
सुतार विसरून गेल्यासारखे.
दाबले. चित्राभोवती चौकट उभी राहिली.
कोपरा धरून ओढला तर बाहेरचं सगळं काळवंडलं,
पण जाईना. वाटलं, बिघडवलं मी.
एंटर दाबल्यावर गेलं.
उरला व्हालेरियानचा गुडघा.

मागे नेणारी कळ नातीने लाल पेनाने लिहून ठेवलीय.
आयुष्यालाही अशी एखादी कळ वगैरे
मी म्हणणार नाही.
मला गुडघा नको होता, एवढंच.

चौथ्या दिवशी चौकट बरोब्बर बसली.
बोंदोचं कपाळ, बोंदोच्या मिशा,
वरचं बटण तुटलेलं (मी लावते म्हणाले होते),
आणि उजव्या गालाला चिकटून
एक कान.
बिचिकोचा.

चौकट आत घेतली की बोंदोचा गाल जातो.
बाहेर नेली की बिचिकोची अख्खी बत्तिशी येते.

एका कुंपणाच्या भिंतीपायी दोघांनी
बावीस वर्षं एकमेकांशी शब्द टाकला नाही.
मातीला आला तोही फाटकापर्यंतच.
मी पाहिलं, आणि कानाडोळा केला.
आता घ्या, डोळ्यासमोर कानच.

फोन केला. आला. चष्मा विसरून.
“मोठं कर,” म्हणाला.
केलं. हवं तिथे थांबता येतं आता मला.
तो पडद्याला नाक लावून बसला.
बाहेर कुणाचं तरी डुक्कर ओरडत होतं.

“माझाच आहे,” शेवटी म्हणाला.
“पण त्सियाला, मी अजून जिवंत आहे.
जिवंत माणसाचा कान थडग्यावर? लोक काय म्हणतील?”
“मग गाल कापू?”
“गालाला हात लावू नकोस.”

मक्याची भाकरी खाल्ली त्याने, चीज खाल्लं,
वाइन आधी नको म्हणाला.
मग माझ्या हातातून माऊस घेतला, उलटा धरला,
मी सरळ करून दिला,
आणि चौकटीची उजवी कड
बाहेर सरकवू लागला,
केसभर,
आणखी केसभर.

“बास की,” मी म्हटलं. “दगडवाला ओरडेल.”

“जरासं,” बिचिको म्हणाला.
“हा हसतोय कुणाकडे बघून,
तो तरी येऊ दे.”