सुपारीएवढा गूळ

मार्केट यार्डात दुपारी दीडला
वजनकाटा झोपतो
आणि आम्ही भांडायला बसतो.
हळदीच्या पोत्यांना पाठ लावून,
तीन डबे, एक तांब्या,
भाकरीवर ज्याच्या त्याच्या बोटांचे पिवळे ठसे.

मुद्दा एकच, अठरा वर्षं जुना :
भरल्या वांग्यात गूळ घालायचा का न्हाई.

दस्तगीर म्हणतो, सुपारीएवढा तरी पायजेच, लगा,
न्हाईतर ती भाजी न्हवं, फिर्याद.
मी म्हणतो, दिगरजचं वांगं
कृष्णेचा गाळ पिऊन वाढलेलं,
त्याला गूळ लावणं म्हंजे
पैलवानाला पावडर लावून तालमीत धाडणं.
"तुमच्यात चटणी खाऊन माणसं बोलायची बंद झाल्यात."
"तुमच्यात मुंगळे पंगतीला बसत्यात."

भूपाल मगदूम पंच.
चातुर्मासात तो वांगं खात नाही,
म्हणून चार महिने त्याला मतच नसतं.
बाकीचे आठ महिने
दोघांच्या डब्यातलं एकेक वांगं देठासकट खातो,
मिशा पुसतो
आणि म्हणतो, पुढची तारीख.

एकदा भांडण घसरत घसरत भडंगावर गेलं,
कांदा आधी का खाताना,
हमालांनी पोती खाली ठेवून बाजू घेतल्या.
इरोडचा एक व्यापारी, मराठी न कळणारा,
त्याला वाटलं दर चढला.
गुमान पन्नास रुपये वाढवून गेला.

गेल्या सोमवारी मी पहिला टोला हाणला :
आज काय, काकवीत बुडवून आणलंस?
दस्तगीर म्हणाला,
"तुझंच बराबर हाय, शिरपा. गूळ नगोच."

भूपालचा घास हातातच राहिला.
दस्तगीरनं बंडीतून मिरजेच्या डॉक्टरचा कागद काढला,
घडी न मोडता परत ठेवला.
अठरा वर्षांनी जिंकलो
आणि भाकरी कोरडी कोरडी लागाय लागली.
कोण काही बोलेना.
काट्यावर एक चिमणी बसली होती,
तिचं वजन बघत बसलो.

मंगळवारी बायकोला म्हटलं, गूळ घाल.
ती म्हणाली, ऊन लागलंय का?
घातला. सुपारी नाही, वाटाण्याएवढा.
यार्डात डबा उघडून छाती काढून म्हणालो,
"गुळाबिगर वांगं म्हंजे, म्हंजे..."
पुढं काही सुचेना. सवय नव्हती.

दस्तगीर माझ्याकडं बघत राहिला.
मग भाकरी मोडता मोडता म्हणाला,
"पैलवानाला पावडर लावतोस व्हय रं, मर्दा?
लाज न्हाई वाटत?"
आवाज पार गेटपर्यंत गेला.
हमालांनी पोती खाली ठेवली.
भूपालनं माझ्या डब्यात हात घातला.

खरं सांगायचं तर भाजी पार बिघडली होती.
मी शेवटपर्यंत खाल्ली.