मडकं क्रमांक एकशे चौदा

काटोल रोडवरून आत वळलं की जुनापाणीचा माळ,
त्यावर दगडांची वर्तुळं.
मे महिन्यात आम्ही गेलो
दोरी, चुना, फावडी आणि दोन माठ घेऊन.
फागोजी धुर्वे सगळ्यांआधी वाकला,
दगडावरच्या वाटीएवढ्या खळग्यात बोट फिरवलं,
म्हणाला, "हे आमच्यावाले नाही.
असते तं मालूम असतं."

गावातली म्हातारी म्हणाली, राक्षस इथं गोट्या खेळले.
सरपंचाचा पोरगा म्हणाला, परग्रहावरचे असतील.
मी वहीत लिहिलं : अज्ञात लोक.
चौघांचंही म्हणणं एकच,
आपल्यातले नाहीत.

खाली घोड्याची कवटी निघाली,
कपाळावर तांब्याचा पत्रा, हिरवा पडलेला.
त्या काळी ओढ्याकाठी कुणीतरी कोदो पेरत असणार.
त्यांनी पाहिला असेल तो घोडा,
उन्हात कपाळ पेटलेला,
आणि पोरांना झोपडीत कोंडलं असेल.
म्हणाले असतील :
यांना पाय चार, तोंडं दोन.
हे मेलेल्यालाही सोडत नाहीत, दगडांनी बांधून ठेवतात.
यांचं बोलणं म्हणजे साळुंक्यांचं भांडण.
आणि घोड्यावरून, वरून,
हे त्यांना काय म्हणाले असतील?
शब्द उरत नाहीत. खापर उरतं,
आणि ते फोडायला कुणाचं तरी डोकं सापडतंच.

पोथ्यांमधली यादी तर लांबच लांब :
ज्यांचं बोलणं कळलं नाही ते म्लेच्छ,
ज्यांचं नाक बसकं ते बिननाकाचे,
ज्यांची भीती वाटली
पण ज्यांच्या मुली आवडल्या,
ते नाग.

त्या नावाचं हे शहर.
त्या नावाची नदी आमच्या ऑफिसमागून जाते.
पुलावर आम्ही सगळे नाकाला रुमाल लावतो.
आता बिननाकाचे कोण,
ज्याचं त्यानं ठरवावं.

एकशे चौदा नंबरचं मडकं तिसऱ्या आठवड्यात निघालं.
बाकीची काळी-तांबडी, चाकावरची, गुळगुळीत.
हे हातानं थापलेलं, वाकडं,
ओढ्याकाठच्या भुरकट मातीचं,
बुडाशी अंगठ्याचा ठसा.
सर म्हणाले, लूट असेल.
असेलही.
फागोजीनं ओंजळीत धरून हलकेच फुंकर मारली.
"लुटीचं मडकं मुर्द्याच्या उशाशी कोन ठेवते, मॅडम?
पानी देलं असन कोनी."

त्याच संध्याकाळी धरमपेठेत खोली बघायला गेले.
घरमालकीणबाईंनी चहा दिला, निळ्या फुलांच्या कपात.
हवापाणी झालं, कूलरचं झालं,
मग हसत म्हणाल्या,
"पूर्ण नाव काय म्हणालात?"
मी सांगितलं.
त्यांची नजर कपाकडे गेली.
फक्त एकदा.

मडकं आता अजब बंगल्यातल्या कपाटात आहे.
लेबल मीच टाइप केलं :
हातानं घडवलेलं. थडग्यातून प्राप्त. कोणाचं :
पुढं दोनदा काहीतरी लिहून खोडलं,
मग जागा तशीच सोडली.
लोक येतात, घोड्याच्या तांब्यापाशी थांबतात,
पोरं काचेला नाक चिकटवतात.
मडक्याशी फारसं कुणी रेंगाळत नाही.

काच लावायच्या आधी, कुणी बघत नव्हतं तेव्हा,
त्या ठशावर मी माझा अंगठा ठेवून पाहिला.
माझा थोडा मोठा आहे.