अंगठा

आज जहाज आलंय.
क्रालेन्डाइकच्या धक्क्याला एखाद्या सोसायटीसारखं टेकलंय,
आणि मासळीबाजारासमोरच्या रस्त्यावर
सकाळी नऊलाच सावली.
अशा दिवशी आमचं गाव फुगतं,
संध्याकाळी साडेचारला पुन्हा आपल्या मापाचं होतं.

माझ्या वाट्याला सहाजण.
पाचांनी सनस्क्रीन थापलेलं, ते मी पुसायला लावते.
पोवळ्यांना बाधतं, सांगते,
आणि ऐकतात बिचारे, कारण पुढची पन्नास मिनिटं
त्यांचा श्वास माझ्या भरवशावर.

सहावा ऑर्विल. एकाहत्तरीचा. मॅनिटोबाचा.
तीस हिवाळे बर्फ सारायचा ट्रक चालवला,
मागे मीठ सांडत.
"कुठून यायचं मीठ?" मी विचारलं.
"पोत्यातून," म्हणाला.
मी दक्षिणेला बोट केलं. मिठागरं,
त्यांच्यामागे पांढरे ढीग.
माझा आजा तिथे टोपल्या वाहायचा डोक्यावरून,
त्याच्या पोटऱ्यांवरच्या चिरा मरेपर्यंत भरल्या नाहीत.
ऑर्विल बघत राहिला.
टोपी काढली त्याने, मग उगाच पुन्हा घातली.

खुणा शिकवल्या.
अंगठा-तर्जनीचं कडं: ठीक.
आडवा हात डुलवला: काहीतरी बिनसलंय.
अंगठा वर: वर चला.
"शाबास नव्हे," दोनदा बजावलं,
"पाण्याखाली शाबासकी नसते."

आठ मीटर. बारा. सतरा.
लाल रंग केव्हाच गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही.
मेंदूसारख्या पोवळ्यावर एक पांढरा डाग आहे,
मार्चमध्ये नाण्याएवढा होता, आता ताटाएवढा.
तो मी दाखवत नाही.
त्याची खूण मला कुणी शिकवलेली नाही.

दाखवते ती पाणघोडी.
जांभळ्या स्पंजाला शेपूट गुंडाळून
चार महिने एकाच जागी,
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखी नजर चुकवत.
ऑर्विल वाकला. बुडबुडे थांबले त्याचे,
इतका वेळ, की मी हात पुढे केला.
मग त्याने वळून अंगठा वर केला.

ठीक ना? मी कडं करून विचारलं.
त्याने दोन्ही अंगठे वर केले.

नियम असा: ज्याने अंगठा दाखवला,
त्याला कारण विचारायचं नाही.
बुडी संपली. सगळ्यांची.

पाच मीटरवर तीन मिनिटं लटकायचं असतं.
वाळत घातलेल्या कपड्यांसारखे आम्ही सातजण,
आणि जहाजाची घरघर,
पाण्यात दिशा कळत नाही, ती चहूकडून येते.
तिथे त्याला उमगलं.
स्वतःच्या अंगठ्याकडे तो असा बघत होता
जणू दुसऱ्याचा चुकून घालून आलाय.

वर येताच एकजण पैशांवरून ओरडला.
ऑर्विल म्हणाला, "चूक माझी. छान होतं फार.
इतकं, की हात आपोआप गेला."
रागवायला हवं होतं मी.
पण त्या पाणघोडीला रोज बघते,
आणि माझा हात कधीच आपोआप गेला नाही.

साडेचार. औषधाच्या पाण्यात सूट खळबळते आहे.
भोंगा झाला. दोरखंड सुटले.
सातव्या की आठव्या मजल्यावर कठड्याशी
तांदळाच्या दाण्याएवढं कुणीतरी,
ऑर्विल असेल, नसेलही,
अंगठा वर करून उभं.

मी ओला हात उचलला
आणि अंगठा खाली केला.

कॉम्प्रेसरजवळून शुरेंडी ओरडला,
"काय गं रुथमिला, गिऱ्हाइकाशी भांडलीस?"

नाही रे.
खाली ये, म्हटलं.