रिकामा कमिट

आमच्या गल्लीत पाणी दहाव्या दिवशी येतं,
कधी बाराव्या, बहुतेकदा रात्री अडीचला,
आणि त्याआधी तोटीत नुसती हवा खोकते.

सोनाजी व्हॉल्वमन चावी फिरवायचा
आणि एकच मिस्ड कॉल द्यायचा, मेहरुन्निसा भाभींना.
उचलायचा नाही, असा करार.
सांगायला तरी काय होतं त्यात?
वाजला, तुटला, बस.
भाभींची मोटार भिंतीतून पलीकडं ऐकू जायची,
पलीकडं ड्रम सरकायचे,
त्याच्या पलीकडं नळी उलगडायची,
दहा मिनिटांत सगळं कादराबाद जागं.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात
मला वेबहुक कळला तो असा.
पुण्याहून शिकवणारा पडद्यावर चौकोन काढत होता,
चौकोनातून बाण काढत होता.
मी म्हटलं, सर, म्हणजे सोनाजी.
तो म्हणाला, कोण?

ऑफिस जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यासमोर.
आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो:
भरला ट्रक वजा रिकामा ट्रक, उरलं ते भंगार.
टेबलाखालच्या सर्व्हरवर रोज काळी भुकटी बसते,
गंगुबाई तो देव्हाऱ्यासारखा पुसतात,
वायरींना हात न लावता.

मार्चात राउटर बदलला.
वेबहुक जुन्याच पत्त्यावर जाऊन वाजत राहिला,
रिकाम्या घराची कडी कुणी वाजवावी तसा.
तेव्हापासून मशीन स्वतःच उठतं, दर पंधरा मिनिटांनी,
एकेक रिपॉझिटरी, एकेक फांदी चाचपतं.
आलं का? नाही.
आलं का? नाही.
दिवसातून शहाण्णव वेळा.

त्याच सुमारास सोनाजीही रिटायर झाला.
नवा पोरगा कंत्राटी, त्याच्याकडं कुणाचाच नंबर नाही.
आई आता तोटी उघडी ठेवून झोपते,
खाली स्टीलची ताटली पालथी घालून.

आज रात्री परतूरहून बळीराम कदमचा फोन:
ताई, माझी फांदी कामून घेऊ नाही राहिलं ते?
सकाळी सहाला नांदेडच्या काट्यावर ट्रक लागतील,
प्रत्येक खेपेला पाच किलो खाऊ राहिलाय काटा.

मी लॉग उघडला.
स्कॅन त्याच्या दारापर्यंत गेलं होतं,
फाइल दिसली नाही म्हणून पुढं गेलं होतं.
फाइल होती. नावातलं पहिलं अक्षर
त्यानं धाकटं टाइपलं होतं, हवं होतं थोरलं.
आपल्या अक्षरांत हा मान-पान नाही,
क हा क, तो वाक्याच्या तोंडाशी बसो की शेपटाला.
बळीरामला हे सांगितलं तर तो हसला,
मग शिवी दिली, मग म्हणाला सॉरी ताई.

नाव सुधारलं. थांबलो.
पंधरा मिनिटं फोन चालू, दोघंही गप्प,
त्याच्याकडं कुत्रं भुंकत होतं.
सापडली. बिल्ड सुरू झाला,
एकेचाळीस चाचण्या हिरव्या,
बेचाळिसावीला एमआयडीसीची लाइट गेली.

मशीन परत उठलं तेव्हा त्याला
काहीच आठवत नव्हतं.
फांदी पाहिली: बदल नाही.
अर्धवट राहिलं होतं, एवढं त्याला पुरत नाही,
नवीन काहीतरी लागतं.
बटण दाबायचा हक्क साहेबांना, साहेबांचा फोन बंद.

मग मी केला एक रिकामा कमिट.
एका ओळीचा फरक नाही, एका टिंबाचाही.
निरोपाच्या जागी लिहिलं:
काही नाही. फक्त उठवते आहे.
आणि पाठवून दिला.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, आलं का गं?
ती कशाचं विचारत होती, कळलं नाही.
मी म्हटलं, झोप तू,
पंधरा मिनिटांत सांगते.