इथपर्यंत

पाथर्डी फाट्याच्या आत, द्राक्षवेल सोसायटी, दुसरा मजला.
दोन खोल्या, किचन, आणि हॉलच्या एका भिंतीवर
अख्खं बांबूचं रान.
भामरे चावी देताना म्हणाले होते,
वॉलपेपर इम्पोर्टेड आहे, तेवढा जपा.

कडलगला विचारलं. तो म्हणाला, काढा.
बांबू आता कुणी घेत नाही.
पांढरं करा, पांढरं लवकर विकतं.

म्हणून मी जानेवारीच्या थंडीत
नवऱ्याचा मफलर कानाला गुंडाळून स्टुलावर उभी.
बादलीभर कढत पाणी, त्यात दोन झाकणं व्हिनेगर,
हातात शकूरभाईंची पत्री.
शकूरभाई म्हणतात, घाई नाही करायची ताई.
पाणी मारा, चहा प्या, पुन्हा पाणी मारा.
कागदाला वाटलं पाहिजे
की तो स्वतःच निघतोय.

पहिला पट्टा निघाला सबंध,
छतापासून फरशीपर्यंत, एका ओढीत.
मला उगाच गाणं सुचलं.
दुसरा मात्र नखाएवढा, नखाएवढा,
डबा उघडेपर्यंत जेमतेम एक पेर बांबू.

बांबूखाली गुलाबी नक्षी.
गुलाबीखाली मैद्याची खळ,
आणि खळीत कसर,
चंदेरी, वळवळती,
कित्येक वर्षांची पंगत अर्ध्यावर टाकून पळणारी.
आई म्हणायची, कसर लागली की पुस्तकं उन्हात घाला.
भिंत कुठे घालायची उन्हात?

मग खिडकीच्या डावीकडे, कोपऱ्यात, ओल.
जुनी. कडा पिवळ्या, मध्ये हिरवट.
आकार कशासारखा, मी बराच वेळ बघितलं.
कशासारखाच नाही.
तिच्या कडेला पेन्सिलीने, सुबक अक्षरात:
१२/११ इथपर्यंत.
चार बोटं खाली: २/१२ इथपर्यंत.
आणखी खाली: १९/१.
पुढे कोरं.
पावसाळ्यातली तारीख एकही नाही.
म्हणजे वरून.

कोण मोजत होतं?
भामरे नव्हेत, त्यांना घर गुलाबीसकटच मिळालं.
म्हणजे ज्याने मोजलं
त्यानेच एके दिवशी पेन्सिल ठेवून
मैदा कालवायला घेतला.

संध्याकाळी कडलग आला, बूट न काढता आत.
रविवारी पार्टी येतेय वहिनी, ओझरची,
नवराबायको दोघं नोकरीला, कर्ज मंजूर.
झाकली भिंत सव्वा लाखाची, म्हणाला, आणि स्वतःच हसला.
राखाडी टेक्स्चरचे दोन रोल
त्याने गाडीतून वर आणलेच होते.
पांढऱ्याचं काय झालं, मी विचारलं.
तीन भिंती पांढऱ्या, म्हणाला. ही हायलाइट.

शकूरभाई काही बोलले नाहीत.
पत्रीची धार अंगठ्यावर बघत राहिले.

माझ्या बांगड्या पतपेढीत आहेत.
व्याजाची तारीख दहा.
सिडकोतल्या फ्लॅटात खोट आली होती,
ती कसर इथे भरून काढायची, असं घरात ठरलंय.
ओझरच्या बाईला मी पाहिलेलं नाही.
तिला भिंतीला सोफा लावायचा असेल.
किंवा पाळणा. किंवा काहीच नाही,
नुसती पाठ टेकून बसायचं असेल
शिफ्ट संपल्यावर.

सगळे गेले. पायाखाली ओल्या कागदाचा चिखल,
त्यात इकडे एक गुलाबी पान, तिकडे बांबूचं टोक.
मी शकूरभाईंच्या पिशवीतली सुतारी पेन्सिल घेतली,
ओलीची खालची कड बोटाने चाचपली,
गार लागली तिथे थांबले,
आणि आजची तारीख घातली.
इथपर्यंत.
अक्षर त्याच्याइतकं सुबक नाही आलं.

वर कुणीतरी आंघोळीला बसलं होतं.
तांब्या, पाणी, तांब्या, पाणी.
मी आवाज थांबायची वाट पाहिली,
रोल दाराआड उभे केले,
हात पुसले
आणि जिन्याने खाली न जाता वर गेले.