तुटलेला तुकडा

बोहरी आळीत मुर्तझाभाईंच्या दुकानात
मी तीन दिवस स्टुलावर बसून होते.
मांडीवर वही, पायाशी खिळ्यांचं पोतं.
ह्या दुकानाचं ऑनलाइन दुकान करायचं होतं,
आणि बाणेरच्या ऑफिसात बसून केलेलं पहिलं
लोकांनी चार मिनिटांत टाकून दिलं होतं.

त्यात सगळं होतं. एकवीस विभाग,
विभागांत उपविभाग, त्यांना गाळण्या,
'आर्किटेक्चरल हार्डवेअर' हे नाव माझंच.
चाचणीला आलेल्या विमल पाचारणेबाई
फोन नाकाजवळ धरून म्हणाल्या,
"ते हो, दार वाऱ्यानं आपटतं ना, त्याला लावायचं."
आणि शोधाच्या चौकटीत लिहिलं: दार आपटतं.
माझं दुकान म्हणालं: शून्य वस्तू सापडल्या.
बाई ओशाळल्या. "मलाच नीट येत नाही हे."
चूक माझी, आणि ओशाळल्या त्या.
रात्रभर ते वाक्य उशीतल्या सरकीसारखं टोचलं.

इथे स्टुलावरून दिसतं:
वस्तूचं नाव घेऊन कुणीच येत नाही.
रुमालातून, वर्तमानपत्राच्या पुडीतून
निघतो एक तुकडा,
गंजलेला, कानाशी मोडलेला,
अर्धा स्क्रू अजून अंगात रुतलेला.
"अस्संच द्या."
एक आजोबा तर दोन बोटांत अंतर धरून आले,
धायरीपासून, बसमध्ये दांडा डाव्या हातानं पकडून,
उजव्या हातातलं माप न हलवता.

मुर्तझाभाई तुकडा उलटा करतात,
अंगठ्यानं गंज पुसतात,
विचारतात फक्त एवढंच:
"दार लाकडी का लोखंडी?"
आणि हात न बघता मागे जातो,
तिसरा खण, डावीकडून.

मी एकवीस विभागांवर आडवी रेघ मारली.

नव्या पानावर आधी एक बटण आलं,
कणकेच्या बोटालाही सापडेल एवढं:
तुटलेला तुकडा दाखवा.
फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.
मग तो एकच प्रश्न.
शोधासाठी मी हणमंताला घेऊन बसले,
तो अठरा वर्षं गिऱ्हाइकांचं ऐकतोय.
त्यानं सांगितलं, मी उतरवून घेतलं:
बिजागर, बिजागरी, मिजागरी,
खिट्टी, खुट्टी, आडणा,
"फ्रिजसारखं चिकटतं ते",
"टक्क वाजतं ते",
दार आपटतं.
तेवीस पानं.

अब्बासला, त्यांच्या मुलाला, आणखी काही हवं होतं:
उलटं धावणारं घड्याळ,
'फक्त दोनच उरलेत',
पडद्यावर उडी मारून येणारी सवलत.
मुर्तझाभाईंनी चहाची बशी खाली ठेवली.
"दोन उरलेत? मागे पोतं भरलंय.
बिजागरीसाठी कशाला खोटं बोलायचं?"
अब्बासनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत.

पहिली ऑर्डर आली रात्री, वाघोलीहून.
एक मॅग्नेट कॅच, बावीस रुपये.
घरपोच करायचे सत्तर.
दोन्ही आकडे मी सुरुवातीलाच
सारख्याच मोठ्या अक्षरांत लिहिले होते,
तरी त्या माणसानं भरले.
सकाळी मुर्तझाभाईंनी त्याला फोन लावला:
"अहो, कशाला ब्याण्णव घालवता?
तुमच्या नाक्यावर मिळेल कुणाकडेही.
दोन स्क्रूचं घ्या, चारचं लागत नाही."
आणि पैसे परत.

अब्बास कपाळाला हात लावून बसला.
मी दुकानाचा नंबर
पानाच्या तळातून उचलून अगदी वर आणला,
आणि वाटलं, झालं बहुतेक.

तेवढ्यात हणमंत, खिळे तोलता तोलता:
"ताई, ते नाणं. रुपया कोणता?
जुना मोठा, का आताचा बारका?"

मी वही पुन्हा उघडली.